कमरेतलं मशीन काढून घेतलं : ऑपरेशनला पाच स्टार, काउंटरला दीड

आधीच सांगते, हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाहीये, नाशकातलंच आहे, आणि क्लेमचं प्रकरण अजून मिटलेलं नाही म्हणून.

माझ्या मणक्याची दोन ऑपरेशनं झाली तरी उजव्या पायातली कळ काही गेली नाही, म्हणून २०१८ ला मुंबईत स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर बसवला. म्हणजे मणक्याच्या पोकळीत दोन बारीक वायरी आणि कमरेच्या मागे कातडीखाली काडेपेटीएवढी बॅटरी. ती करंट सोडते आणि दुखण्याच्या जागी मुंग्या येतात. खोटं कशाला बोलू, पहिली दोनेक वर्षं बरं वाटलं. मग हळूहळू मुंग्या तेवढ्या राहिल्या आणि कळ परत आली. सेटिंग बदलायला पंचवटी एक्सप्रेसने किती वेळा दादरला गेलो त्याचा हिशोब आमच्या ह्यांच्याकडे आहे. त्यात मी बारीक झाले तशी बॅटरी वर दिसायला लागली आणि परकराची नाडी बरोबर तिच्यावरच यायची, द्वारकाच्या खड्ड्यांतून रिक्षाने जाताना तर डोळ्यात पाणी यायचं. (नाडीचा हा प्रॉब्लेम बसवताना कुणाच्या डोक्यातच आला नव्हता, सगळे पुरुष डॉक्टर!)

तरी काढलं नसतं. पण मागच्या वर्षी डावा पायही बधिर व्हायला लागला, डॉक्टर म्हणाले कमरेचा एमआरआय पाहिजे, आणि आमच्या जुन्या मॉडेलला कमरेच्या एमआरआयची परवानगीच नाही. मग काढा.

इथल्या सर्जनबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहिणार. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं की तुमच्या वायरी गोल आणि बारीक आहेत, त्या ओढून निघतात, चपट्या पट्टीवाल्या असत्या तर हाड थोडं कापावं लागलं असतं. वायर मज्जारज्जूत रुतलेली नसते, आवरणाच्या बाहेर असते, पण जिथे टाक्यांनी बांधून ठेवलेली असते तिथे गाठ धरते आणि जुनी वायर ओढताना तुटूही शकते. तुकडा राहिला तर एमआरआयचा प्रश्न परत उभा, हे त्यांनी आपणहून सांगितलं. ह्यांनी विचारलं, तसंच आत बंद करून ठेवलं तर? तर म्हणाले ठेवता येतं, लोक ठेवतात, पण एमआरआय होणार नाही, आणि अंत्यसंस्काराच्या आधी बॅटरी काढावीच लागते, आगीत फुटते ती. सासूबाई शेजारीच बसलेल्या, त्या म्हणाल्या, शुभ बोल रे नाऱ्या!

आता गोंधळ. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला सिस्टर विचारते, मशीन ऑफ केलंय ना? आत कॉटरी (रक्त थांबवायला डाग देणारं विजेचं यंत्र) वापरतात, मशीन चालू असेल तर चालत नाही. अहो पण हे आधी सांगायचं ना! रक्त पातळ करायची गोळी बंद करा, उपाशी या, दागिने काढा, सगळं लिहून दिलेलं, रिमोटचं अक्षर नाही. रिमोट इंदिरानगरला कपाटात. मुलगा थंडीत गाडीवर घरी गेला, घेऊन आला, तर रिमोटचे सेल गेलेले, मग खालच्या मेडिकलमधून सेल आणले तेव्हा कुठे मशीन बंद झालं. तोवर माझा नंबर दोन पेशंटच्या मागे गेला.

पुढचं मला आठवत नाही, पालथं झोपवलं एवढंच. पाठीवर एक काप आणि बॅटरीवर एक, दोन्ही जुन्याच व्रणांवर. डॉक्टरांनी शेवटी एक्स-रे बघून आत काही उरलं नाही हे ह्यांना बाहेर बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी घरी. बॅटरी मागितली तर कंपनीकडे परत जाते म्हणाले, फोटो काढू दिला. डोकं दुखलं, विशेषतः उठून बसल्यावर, तर लगेच फोन करा असं बजावलं होतं, तसं काही झालं नाही. बॅटरीच्या जागी पाणी साचून फुगलं होतं, ते आपोआप जिरलं. टाके बाराव्या दिवशी काढले.

पायातली कळ होती तेवढीच आहे, वाढली नाही कमी नाही. पण उजव्या कुशीवर झोपता येतंय.

बिलिंगचं काय सांगू. इन्शुरन्सवाल्यांचा प्रश्न, चालू मशीन का काढलं? उत्तर द्यायला डॉक्टरांचं पत्र हवं, आणि ते टाइप करायला काउंटरला पाच दिवस लागले, रोज ‘उद्या या’. त्याहून कहर म्हणजे डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘इम्प्लांट काढले’ एवढंच. एमआरआय सेंटरने परत पाठवलं, म्हणे दोन्ही वायरी पूर्ण निघाल्या असं लिहून आणा. परत हॉस्पिटल, परत टोकन, सर ओटीत, थांबा. शेवटी सरांनीच ओटीच्या दारात उभं राहून कार्डावर पेनने दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. शिक्का मारायला काउंटरवर गेलो तर लंच टाइम.

एमआरआय शुक्रवारी आहे.