स्टॉल: लाकडी की मॉड्युलर?

प्रदर्शनासाठी लाकडी स्टॉल बांधून घ्यावा की मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग जोडून पुन्हा पुन्हा उभा करता येणारा, घ्यावा, या प्रश्नावर एक मैत्रीण अडली आहे.

खर्चाचं आधी. प्लायवूडचा स्टॉल बहुधा एकदाच वापरला जातो. शेवटच्या संध्याकाळी हातोडे पडतात आणि रंगवलेल्या फळ्या कचऱ्यात जातात. ते बघून खरंच जीव तुटतो. मॉड्युलरची अ‍ॅल्युमिनियमची चौकट सुरुवातीला महाग, पण पुढे फक्त छापील कापड बदलायचं. वाहतुकीत कोपरे चेपतात, पेट्या मजबूत हव्यात.

मेहनत? 3 बाय 3 मीटरचा मॉड्युलर स्टॉल दोघं काही तासांत उभा करतात.

दिसण्यात मात्र लाकूड सरस: हवं ते वळण, हवा तो आकार.

वर्षाला तीन-चार प्रदर्शनं असतील तर मॉड्युलर विकत घ्या, एकच असेल तर भाड्याने. मोठ्या जागेत नवं उत्पादन दिमाखात आणायचं असेल, तरच लाकडी.