तीन रिळं, अकरा महिने आणि दहापैकी आठ वेळा उचललं जाणारं एक

अकरा महिन्यांपूर्वी मासेमारीचं पहिलं रीळ, म्हणजे गळाच्या काठीवर बसवून लाईन (गळाची दोरी) गुंडाळायचं यंत्र, घेतलं तेव्हा मी सगळ्यांना एकच विचारत होतो, 'सगळ्यात चांगलं कुठलं?' तो प्रश्नच चुकीचा होता. आधी ठरवायचं असतं ते आमिषाचं वजन. तुम्ही बहुतेक वेळा किती ग्रॅमचं आमिष टाकणार, यावर रिळाचा प्रकार जवळजवळ ठरूनच जातो. आज माझ्याकडे स्पिनकास्ट, २५०० आकाराचं स्पिनिंग आणि बेटकास्टिंग अशी तीन रिळं आहेत. तिन्ही भरपूर वापरली, पण दहापैकी आठ वेळा हात स्पिनिंगकडेच जातो.

स्पिनिंगमध्ये स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली फिरकी, जागच्या जागी स्थिर असतो आणि लाईन त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. १९०५ साली इलिंगवर्थ नावाच्या इंग्रज गृहस्थाने या रचनेचं पेटंट घेतलं. तो लोकरीच्या धंद्यातला माणूस. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत सुटताना पाहून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात, आणि रीळ हातात धरलं की ते पटतंही. आमिषाला स्पूल फिरवावा लागत नाही, म्हणून ४-५ ग्रॅमचं हलकं आमिषसुद्धा समोरच्या वाऱ्यात बऱ्यापैकी लांब जातं.

पहिले तीन महिने मात्र पीळ आणि फासांनी जीव नकोसा केला. आमिष पाण्यात पडलं की मी थेट हँडल फिरवायचो. बेल, म्हणजे ती तारेची कमान, खटकन बंद व्हायची आणि स्पूलवर नखाएवढा एक सैल फास राहून जायचा. पुढच्या फेकीला तोच फास शेजारची दहा-बारा वेटोळी ओढून घेऊन बाहेर यायचा. आता बेल हातानेच बंद करतो, लाईन चिमटीत धरून एकदा ताणतो आणि मगच हँडलला हात लावतो. लाईनही काठोकाठ भरत नाही, कडेपासून २-३ मिलिमीटर जागा सोडतो. आणखी एक: मासा जोरात ओढू लागला की लाईन तुटू न देता सुटू देणारा ब्रेक म्हणजे ड्रॅग. मासा ड्रॅग ओढत लाईन नेत असताना हँडल अजिबात फिरवू नका. त्या वेळी लाईन आत येत नाही, प्रत्येक फेऱ्याला फक्त पीळ चढत राहतो.

याच रिळावर चौथ्या महिन्यात एक चांगला मासा गेला. ड्रॅग आवळत होतो, तरी लाईन सुटतच होती. ड्रॅग खराब झाला म्हणून रीळ उघडलं, तर वॉशर ठणठणीत. ब्रेडेड, म्हणजे अनेक धाग्यांची विणलेली, लाईन मी थेट गुळगुळीत धातूच्या स्पूलवर गुंडाळली होती, आणि गुंडाळीच्या गुंडाळी स्पूलभोवती घसरत होती. तेव्हापासून आधी मोनोचे (एकाच तंतूच्या लाईनचे) दहा-पंधरा वेढे देतो आणि त्यावर ब्रेड भरतो. पुन्हा कधी घसरली नाही.

बेटकास्टिंगचं गणित वेगळं. इथे स्पूल स्वतः फिरतो. आमिषाचा वेग कमी झाला आणि स्पूल मात्र त्याच जोरात फिरत राहिला, की लाईनच्या गुंत्याचं पक्ष्याचं घरटं तयार! पहिले दोन आठवडे मासे कमी आणि गुंते जास्त. मग पद्धत बसली. आमिष काठीच्या टोकाशी लटकवून स्पूल मोकळा करणारं बटण दाबायचं आणि ते सावकाश खाली उतरेल इतका बाजूचा नॉब आवळायचा. स्पूलचा वेग रोखणारा चुंबकी ब्रेक आधी पूर्ण लावायचा आणि हात बसेल तसा एकेक अंक कमी करायचा. आणि अंगठा! आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठा स्पूलवर पाहिजेच. गुंता झालाच तर लगेच नखाने उकरत बसू नका. ड्रॅग आवळा, अंगठा स्पूलवर घट्ट दाबून हँडलचे तीन-चार फेरे द्या आणि मग लाईन हळूच ओढा. माझे निम्म्याहून जास्त गुंते असेच सुटले.

१२-१५ ग्रॅमच्या पुढचं आमिष बुडालेल्या झाडाच्या दोन फांद्यांमध्ये नेमकं उतरवायचं असेल, तर याच्या तोडीचं दुसरं नाही. अंगठ्याने हवेतच वेग मारता येतो, तसा ताबा मला स्पिनिंगवर कधी मिळाला नाही. पण ७ ग्रॅमच्या आत माझं बेटकास्टर साफ नकार देतं, आणि समोरून वारा असला की मी ते बाहेरच काढत नाही.

स्पिनकास्ट लहान मुलाच्या हातात द्यायला उत्तम. बटण दाबा, फेका, सोडा. मात्र लाईन झाकणाच्या भोकाला घासत जाते, म्हणून अंतर कमी पडतं, आणि आतला गुंता झाकण काढल्याशिवाय दिसत नाही.

खोक्यावरच्या बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. माझ्या अनुभवात खरा फरक ड्रॅग किती सलग सुटतो याने पडतो. लाईन हाताने ओढून बघा. सुरुवातीला अडकून मग झटक्याने सुटत असेल, तर बारीक लाईन तिथेच तुटणार. मी ताणकाट्यावर लाईनच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश इतका ड्रॅग लावतो. ६ किलोच्या लाईनला दीड ते दोन किलो. गिअरचं प्रमाणही एकटं बघून उपयोग नाही. ६.२:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे (स्पिनिंगमध्ये स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाचे) ६.२ फेरे, पण लाईन किती आत येणार हे स्पूलच्या व्यासावरही ठरतं. खोल बुडणारं, पाण्यात जोर लावणारं आमिष वेगवान रिळावर दिवसभर ओढलं की मनगट भरून येतं. त्यासाठी ५ च्या आसपासचं प्रमाणच बरं.

समुद्रावर नेत असाल तर धुण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. माझ्या स्पिनिंगचा लाईन-रोलर, म्हणजे बेलवरची लाईन वळवणारी छोटी चाकी, पाचव्या महिन्यात मिठाने जाम झाला आणि त्याने ब्रेडवर लव उठवली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आता घरी आलो की ड्रॅग आवळून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा देतो. जोराच्या धारेने मीठ उलट आत ढकललं जातं. मग पुसून, वाळवून ड्रॅग सैल सोडतो, रोलरला तेलाचा एक थेंब देतो आणि बोटाने फिरवून बघतो. मोकळा फिरला की मगच रीळ पिशवीत जातं.