आधी पुस्तक की आधी चित्रपट? काही मराठी जोड्या शेजारी ठेवून

एखाद्या आवडत्या कादंबरीवर चित्रपट निघालेला असला की ती सुचवताना अडायला होतं. ‘शाळा’चं नाव घेतलं की समोरचा लगेच विचारतो, ‘वाचू की बघू?’ बहुतेक जण सवयीने सांगून टाकतात, ‘आधी पुस्तक वाच, मग चित्रपट बघ.’ हा सल्ला सरसकट देणं मला पटत नाही. काही गोष्टी पहिल्यांदा कागदावरच भेटायला हव्यात. काही मात्र आधी पडद्यावर पाहिल्या तर नंतर पुस्तकात शिरणं सोपं जातं, आणि उलट्या क्रमाने गेलं तर पुस्तक अर्ध्यावर मिटून राहतं.

हे ठरवण्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: ही गोष्ट नेमकं कोण सांगतंय? पुस्तकातला ‘मी’ सांगत असेल आणि सगळी गंमत त्याच्या सांगण्यात असेल, तर पुस्तक आधी. गोष्ट आवाजातून, ठेक्यातून, माणसाच्या अंगातून उभी राहत असेल, तर चित्रपट आधी. एकदा पाहिलेला चेहरा डोक्यातून जात नाही, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. ‘जैत रे जैत’मधली चिंधी म्हटलं की स्मिता पाटीलच दिसते. हे कुठे फायद्याचं ठरतं आणि कुठे तोट्याचं, हे जोडीजोडीने बघावं लागतं.

‘शाळा’पासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त विचारणा तिचीच होते. मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ची, सुजय डहाके यांचा चित्रपट २०१२च्या जानेवारीत प्रदर्शित झालेला. काळ आणीबाणीचा, मुलं नववीतली, आणि सांगणारा मुकुंद जोशी. शाळेतल्या शिरोडकर या मुलीबद्दल त्याला काय वाटतं, हे तो कोणाला धड सांगू शकत नाही. वाचकाला मात्र पानोपानी सांगत राहतो. शिक्षकांना ठेवलेली टोपणनावं, बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीतला अड्डा, सुऱ्याचा बेधडकपणा, नरूमामाशी होणाऱ्या गप्पा: या सगळ्याला मुकुंदाच्या विचारांची चाल आहे. तो मोठ्यांचं बोलणं ऐकतो, त्यातलं अर्धं समजतो, उरलेलं स्वतःच्या पद्धतीने लावून घेतो. आणीबाणीही त्याला अशीच कळते, मोठ्यांच्या दबलेल्या आवाजांतून.

चित्रपट चांगलाच आहे. ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला आणि रूपांतरित पटकथेसाठी अविनाश देशपांडे यांचाही गौरव झाला. केतकी माटेगावकर आणि अंशुमन जोशी यांची शांत, बुजरी कामं लक्षात राहतात. पण पडद्यावर मुकुंद गप्प असतो तेव्हा आपल्याला एक गप्प मुलगा दिसतो. पुस्तकात तो गप्प असतो तेव्हा त्याच्या डोक्यात केवढी धांदल चाललेली असते! ती धांदल म्हणजेच ही कादंबरी. म्हणून इथे माझं उत्तर ठाम आहे: पुस्तक आधी. पुस्तक वाचून चित्रपट बघितला तर त्यातल्या प्रत्येक नजरेमागचं वाक्य आपल्याला ठाऊक असतं आणि चित्रपटही जास्त भिडतो. चित्रपट आधी बघितला तर एक हळवी प्रेमकथा हाती लागते, आणि ती कळल्यावर तीनशेच्या आसपास पानं वाचायची गरजच वाटत नाही. हे नुकसान मोठं आहे.

‘जैत रे जैत’चा क्रम याच्या नेमका उलटा. गो. नी. दांडेकरांची ही कादंबरी ठाकर आदिवासींच्या जगातली. गोनीदा डोंगर-किल्ल्यांतून अखंड फिरले, ज्या मुलखात फिरले तिथली बोली कानात साठवून घेत गेले आणि ती बोली त्यांनी कागदावर तशीच्या तशी उतरवली. इथेच आजचा वाचक अडखळतो. शहरात वाढलेल्या, प्रमाण मराठीच कानावर पडलेल्या माणसाला ठाकरी बोली नुसती डोळ्यांनी वाचून पोचत नाही. तिचा हेल माहीत नसतो. चार पानांवर तो थांबतो आणि ‘नंतर बघू’ म्हणतो.

त्याला जब्बार पटेल यांचा १९७७चा चित्रपट आधी दाखवावा. तिथे गोष्ट गाणी सांगतात. गीतं ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. या चित्रपटातून गाणी वेगळी काढता येत नाहीत, काढली तर कथेचे सांधेच निखळतील. ढोल वाजवणारा नाग्या मोहन आगाशे यांनी उभा केलाय. त्याला लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी पाहायची आस आहे, आणि त्या आसेपायी तो मधमाश्यांच्या वाटेला जातो. चिंधी नवऱ्याला सोडून स्वतःच्या मनाने त्याच्याकडे येते. स्मिता पाटील त्या भूमिकेत कुठेही शहरी पाहुणी वाटत नाही. तिचं चालणं, बसणं, मान वळवणं, सगळं त्या डोंगराचं आहे.

चित्रपट पाहून कादंबरी उघडा. आता कानात ढोल आहे, बोलीचा हेल आहे, डोंगराचा उभा कडा डोळ्यांपुढे आहे, आणि पहिल्या पानावर अडवणारी तीच भाषा वाहायला लागते. मग गोनीदांनी रानाचं, श्रद्धेचं जे बारकाईचं वर्णन केलंय त्यात मन रमतं. इथे स्मिता पाटीलचा चेहरा डोक्यात बसल्याने काही बिघडत नाही. वाचताना तोच सोबत करतो. ज्यांना वाचनाची अजिबात सवय नाही, त्यांनी आधी नुसती गाणी ऐकावीत. मात्र ती चित्रपटात जशी येतात त्याच क्रमाने ऐकावीत.

‘सिंहासन’चा मामला वेगळाच आहे, कारण तिथे जोडी नाही, त्रिकूट आहे. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये चित्रपट केला. एकच कादंबरी वाचून चित्रपट बघणारा गोंधळतो तो यामुळेच. ‘हे पुस्तकात कुठे होतं?’ असं त्याला वाटत राहतं, आणि उत्तर दुसऱ्या पुस्तकात असतं.

इथे मी चित्रपट आधी सुचवतो, पण कारण वेगळं. साधूंच्या या जगात माणसं फार आहेत: मुख्यमंत्री, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले मंत्री, कामगार पुढारी, तस्कर, पत्रकार. नुसतं वाचताना कोण कोणाच्या गटात, हे सांभाळताना दमछाक होते. चित्रपट प्रत्येकाला एक न विसरता येणारा चेहरा देतो. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे, डॉ. श्रीराम लागूंचे मंत्री विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा, आणि या सगळ्यांना पाहत, ऐकत, आतून झिजत जाणारा निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस. निळूभाऊंची गावच्या पाटलाची प्रतिमाच ज्यांच्या मनात आहे, त्यांनी तर हा चित्रपट जरूर बघावा. हा माणूस नुसत्या ऐकण्यातून केवढं बोलतो!

चेहरे ओळखीचे झाल्यावर ‘मुंबई दिनांक’ घ्या. त्यात शहर सापडतं. साधू स्वतः पत्रकार होते आणि मुंबईतली सत्ता, पैसा, गुन्हेगारी एकमेकांत कशी मुरलेली असते, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. चित्रपटाला ते सगळं दोन-अडीच तासांत बसवायचं होतं, त्यामुळे शहराचा पसारा मागे राहिला आणि राजकारणाचा डाव पुढे आला. डाव बघायचा असेल तर चित्रपट पुरेसा आहे. पण सत्तेच्या खेळाखाली चिरडलं जाणारं, रात्रंदिवस घामेजलेलं ते शहर समजून घ्यायचं असेल तर पुस्तकाला पर्याय नाही. ‘सिंहासन’ ही कादंबरी शेवटी वाचली तरी चालेल.

आता ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांचं हे पुस्तक १९५५चं, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५चा. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर स्वतःची गोष्ट सांगतो. शाळेत मुलंच नाहीत, कारण ती मेंढरांमागे रानात गेलेली असतात. कारभाऱ्याच्या मदतीने एकेक पोर गोळा करत तो वाडीचाच होऊन जातो. माझ्या कसोटीप्रमाणे पुस्तक आधी, आणि इथे आणखी एक कारण आहे: माडगूळकरांचं वाक्य. छोटं, कोरडं, विशेषणांवाचून चालणारं. मास्तराचं निवेदन साध्या मराठीत आहे आणि बोली फक्त संवादांत येते, त्यामुळे अनोळखी शब्दही संदर्भाने कळतात. पुस्तकही लहान आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या, किंवा परदेशात वाढल्यामुळे देवनागरी हळूहळू वाचणाऱ्या तरुणांना पहिली मराठी कादंबरी म्हणून मी हीच देतो. तुटक वाक्यांमुळे त्यांना धाप लागत नाही. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला होता आणि चंद्रकांत मांढरे यांचा कारभारी पाहण्यासारखाच आहे. माणदेशचं उघडं, तहानलेलं माळरान कधीच न पाहिलेल्यांना तो खूप काही देतो, पण पुस्तकानंतर.

‘नटरंग’बद्दल थोडक्यात. आनंद यादव यांची कादंबरी, रवी जाधव यांचा २०१०चा चित्रपट. तमाशाच्या वेडापायी पैलवानी देहाचा गुणा नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करत नाचणारा पुरुष, होतो, आणि त्याबद्दल गाव, घर, समाज त्याच्याकडून काय वसूल करतात, ही गोष्ट. हे रूपांतर अंगावर घडतं. अतुल कुलकर्णी यांनी त्यासाठी शरीर कमावलं आणि मग उतरवलं, ते डोळ्यांनीच पाहायला हवं. अजय-अतुल यांच्या संगीताशिवाय तमाशाची ओढ का लागते, हे बाहेरच्या माणसाला कळणारही नाही. म्हणून चित्रपट आधी. मात्र गाण्यांच्या झगमगाटात गुणाच्या घरातलं दारिद्र्य आणि त्याची होणारी कुचंबणा मागे सरकण्याचा धोका आहे, आणि तेवढ्यासाठी कादंबरी वाचायलाच हवी. यादवांनी ते जग आतून पाहिलेलं आहे.

‘श्यामची आई’ घरात लहान मूल असेल तर वेगळ्या तऱ्हेने ठरवावी. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुस्तकाची बांधणीच रात्रींची आहे: श्याम रोज संध्याकाळी आश्रमातल्या सोबत्यांना एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे हे पुस्तक ऐकण्यासाठीच रचलेलं आहे. एका बैठकीत वाचून काढलं तर दुःखावर दुःख साचत जातं आणि आजच्या मुलाला ते जड होतं. रोज एक रात्र, मोठ्याने, आणि मध्ये थांबून प्रश्नांना उत्तरं देत वाचलं की तेच पुस्तक जवळचं होतं. प्रश्न येतातच: ऋणको म्हणजे काय, जप्ती का आली, आई असं का वागली. आचार्य अत्र्यांचा १९५३चा चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सुवर्णपदकाचा मानकरी ठरला आणि वनमालाबाईंची आई अजूनही विलक्षण वाटते. पण दहा वर्षांच्या आतल्या मुलाला तो आधी दाखवू नये. शेवट त्याला एकदम सोसायला लागतो, पुस्तकात तो रात्रींच्या तयारीनंतर येतो. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनीही याच पुस्तकावर चित्रपट केला. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ बघणं मोठ्यांसाठी चांगला अभ्यास आहे, मुलांसाठी एक पुरे.

दूरदर्शनचंही एक उदाहरण घेतो, कारण तिथे माझी कसोटी अपुरी पडते. चि. वि. जोशींचा चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो, तीही अगदी निरागसपणे. कसोटीप्रमाणे पुस्तक आधीच यायला हवं. पण ज्यांनी दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना चिमणराव-गुंड्याभाऊ म्हणून पाहिलंय, त्यांना पुस्तक वाचताना तेच आवाज ऐकू येतात आणि विनोद उलट वाढतो. निवेदकाचा सूर नटाने इतका अचूक पकडला असेल तर क्रमाचा आग्रह सोडून द्यावा, जे आधी हाती लागेल ते घ्यावं.

एकाच शनिवार-रविवारची सवड असेल आणि निवड करायची असेल, तर वाचनाची सवय असलेल्यांनी ‘बनगरवाडी’ घ्यावी, ती त्या दोन दिवसांत पुरी होते. सवय सुटलेल्यांनी शनिवारी ‘जैत रे जैत’ बघून रविवारी कादंबरी उघडावी. ‘शाळा’ला पुरा आठवडा द्या, आणि पुस्तक संपेपर्यंत चित्रपटाची झलकसुद्धा बघू नका. डोळे अधू झालेल्या आजी-आजोबांसाठी विचारत असाल, तर ‘श्यामची आई’ नातवंडांकडून मोठ्याने वाचून घ्या. त्या निमित्ताने नातवंडांचंही वाचून होतं, आणि ऋणको-जप्तीचे अर्थ सांगायला घरातलं अनुभवी माणूस समोरच बसलेलं असतं.