तपकीर गल्लीतला रिफर्बिश्ड थिंकपॅड टी४८० : घ्या, पण बॅटरी बघून

भाच्याला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता, नवीन घ्यायचा म्हणजे पन्नास हजारांना फोडणी, म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून रिफर्बिश्ड (म्हणजे वापरलेला, ठीकठाक करून पुन्हा विकलेला) टी४८० उचलला १८ हजारात. मॉडेल २०१८चं, पण प्रोसेसर आय५ आठव्या जनरेशनचा, त्यामुळे विंडोज ११ रीतसर चालतं. सातव्या जनरेशनचा कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका, त्यावर ११ रीतसर चालत नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपलाय.

खरी मजा उघडल्यावर. मागचे सहा स्क्रू सैल करायचे, ते झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. आत रॅमचे दोन स्लॉट, बॅटऱ्या पण दोन, एक आत आणि एक बाहेरून खटके सरकवले की हातात येणारी. पुढच्याच टी४९०ला बाहेरची बॅटरी गायब आणि एक रॅम थेट बोर्डावर सोल्डर, म्हणजे बदलायची सोयच नाही! आणि वर खोक्यावर हिरवं पान छापायला सगळ्याच कंपन्या पुढे.

लॅपटॉपचं कार्बन उत्सर्जन बहुतेक तो बनतानाच होऊन गेलेलं असतं, वापरताना त्यामानाने कमी, त्यामुळे 'कमी वीज खाणारा नवीन घ्या' हे ग्रीन ग्रोथवाल्यांचं (पर्यावरण सांभाळूनही अर्थव्यवस्था वाढतच राहील म्हणणाऱ्यांचं) गणित इथे बसत नाही. पण गंमत अशी की दुकानदार म्हणाला हा सगळा माल आयटी कंपन्यांचा, लीज संपली की लॉटच्या लॉट निघतात. म्हणजे आपली सर्क्युलर इकॉनॉमी, वस्तू न फेकता पुन्हा वापरात फिरवायची, त्यांच्या नव्या खरेदीवरच जगतेय, उद्या त्यांनी तेच लॅपटॉप सात-आठ वर्षं वापरले, जे खरं तर जास्त बरं, तर या गल्लीत माल येणार कुठून? आणि जीडीपीत नवीन लॅपटॉपची आयातीचा भाग वगळता सगळी किंमत धरतात, माझ्या १८ हजारातलं फक्त दुकानदाराचं मार्जिन. मग ग्रोथ कुठे दिसणार, सांगा.

आता तक्रार. बाहेरची बॅटरी '९० टक्के हेल्थ' सांगून दिली, घरी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला तर जेमतेम निम्मी. हुज्जत घातल्यावर बदलून दिली, जुनीचं काय करता विचारलं तर म्हणे भंगारवाला नेतो. २०२२च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी ती जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर टाकलीये, गल्लीत कुणाला पत्ताच नाही.

चार स्टार. रिपोर्ट काउंटरवरच काढायला लावा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, नाहीतर वॉरंटी तोंडीच राहते.