फेव्ह लिस्ट: व्हिएतनामी लोकांना फ्रेझल व्हर्ब शिकवायला कितपत कामाची?

फेव्ह लिस्ट म्हणजे सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या इंग्लिश फ्रेझल व्हर्बची यादी, आणि फ्रेझल व्हर्ब म्हणजे गो ऑन, फाइंड आउट अशी क्रियापद आणि अप, आउट, ऑनसारखा छोटा शब्द यांची जोडी. आधी निकाल सांगते, कारणं मग. फुकट आहे, छोटी आहे, मेहनतीने बनवलेली आहे आणि व्हिएतनाममध्ये जो कोणी मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवतो त्याने ही हाताशी ठेवावीच. फक्त ती ज्या क्रमाने छापलीय त्या क्रमाने शिकवू नका. खरं तर या एका गोष्टीसाठीच एवढं टाईप करतेय.

मी सायगॉनमध्ये राहते (कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, पण बोलताना इथे सर्रास सायगॉनच म्हणतात) आणि संध्याकाळी नोकरदार लोकांना इंग्लिश शिकवते, गारमेंटवाले, शूजवाले, सॉफ्टवेअरवाले असे सगळे येतात. यांचं ग्रामर पक्कं असतं, शाळेत घोटून घेतलेलं असतं, आयईएल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेचं वेड तर विचारूच नका, आणि 2024 मध्ये इथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्युरोने शाळांमधून इंग्लिशला हळूहळू दुसरी भाषा करायचं ठरवल्यापासून तर अजूनच जोर आलाय. पण परदेशी क्लायंट कॉलवर घडाघडा बोलायला लागला की गाडं अडतं ते फ्रेझल व्हर्बवर. कंटिन्यू कळतं पण गो ऑन निसटतं, डिस्कव्हर येतं पण फाइंड आउट तोंडातून निघत नाही. आणि हे काही यांचंच दुखणं नाही, 1985 मध्ये हिब्रू बोलणाऱ्या आणि 2004 मध्ये चिनी विद्यार्थ्यांवर जे अभ्यास छापून आले त्यांतही हेच दिसलं की शिकणारे लोक फ्रेझल व्हर्ब टाळतात आणि त्याच अर्थाचं एका शब्दाचं क्रियापद वापरून मोकळे होतात.

यावर इलाज म्हणून बाजारात जी जाडजूड पुस्तकं मिळतात ती बहुतेक ए पासून झेडपर्यंत. म्हणजे गिव्हच्या पानावर गिव्ह अवे, गिव्ह बॅक, गिव्ह इन, गिव्ह आउट, गिव्ह अप सगळे एका रांगेत आणि समोर एकेक व्हिएतनामी अर्थ. असं पाठ करून दुसऱ्या दिवशी कोणता कोण ते कुणालाच आठवत नाही, आणि त्यात त्या बिचाऱ्यांची काही चूक नाही, सारखे दिसणारे शब्द एकदम शिकवले की डोक्यात एकमेकांवर चढणारच.

तर ही फेव्ह लिस्ट. मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट या नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या दोघांनी 2015 मध्ये छापली. इंग्लिशमध्ये सगळ्यात जास्त वापरले जाणारे 150 फ्रेझल व्हर्ब, आणि प्रत्येकाचे फक्त तेच अर्थ जे खरोखर वारंवार येतात. एकूण 288 अर्थ, म्हणजे सरासरी एकाला दोनसुद्धा नाहीत. पिक अप डिक्शनरीत उघडलं तर डझनावर अर्थ निघतात आणि शिकणारा तिथेच हात टेकतो. इथे मोजके अर्थ, प्रत्येकापुढे तो किती टक्के वेळा येतो तो आकडा, सोपी व्याख्या आणि एक उदाहरण. आकडे मनाने टाकलेले नाहीत, अमेरिकन इंग्लिशच्या एका प्रचंड मोठ्या मजकूर-संग्रहात शोधून काढलेत. मला ही लिस्ट आवडते ती या प्रामाणिकपणासाठी. शिकणाऱ्याला पहिल्यांदा कुणीतरी सांगतं की बाबा एवढं आलं तरी खूप झालं, बाकीचं नंतर बघू. याआधी 2007 मध्ये गार्डनर आणि डेव्हिस या संशोधकांनी दाखवलंच होतं की ब्रिटिश संग्रहातले निम्म्याहून जास्त फ्रेझल व्हर्ब फक्त 20 क्रियापदं आणि 8 छोटे शब्द यांच्या जोड्यांतून येतात. म्हणजे डोंगर वाटतो तेवढा मोठा नाहीये.

आता क्रमाचा मुद्दा. लिस्ट वापराच्या क्रमाने लावलीय, सगळ्यात वर गो ऑन, मग पिक अप वगैरे. संशोधनासाठी ठीक आहे, पण व्हिएतनामी माणसासाठी पहिलाच घास कडू. कारण गो ऑनमधला ऑन त्याच्या भाषेत कशालाच धरून नाही. 'घडणे' या अर्थाने व्हिएतनामीत साय रा म्हणतात, त्यातला रा म्हणजे 'बाहेर', आणि 'चालू ठेवणे' या अर्थाला तर वेगळाच शब्द. पहिल्या दिवशी पहिल्या ओळीला माणूस म्हणतो हे निव्वळ पाठांतर आहे.

तीच लिस्ट घ्या, कात्री लावा आणि शेवटच्या छोट्या शब्दाप्रमाणे गठ्ठे करा. आउटचा गठ्ठा पहिला. आणि मग बघा काय होतं. (व्हिएतनामीतले सूर देवनागरीत उतरत नाहीत, उच्चार ढोबळ समजा, तोही दक्षिणेकडचा.) फाइंड आउट म्हणजे तीम रा, तीम शोधणे आणि रा बाहेर. पॉइंट आउट म्हणजे ची रा, ची बोट दाखवणे आणि पुन्हा रा. टर्न आउट म्हणजे ह्वा रा, बदलणे आणि रा. शब्दाला शब्द! पाच-सहा जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या तेव्हा मागे बसलेली एक ताई म्हणाली, को (इथे शिकवणाऱ्या बाईंना को म्हणतात), हे तर आम्ही रोजच बोलतो. आणि खरंच बोलतात, फक्त इतकी वर्षं कुणी दोन्ही गोष्टी समोरासमोर ठेवल्या नव्हत्या. त्यांना फाइंड आउटचा अर्थ एक अख्खा शब्द म्हणून पाठ करायला लावलं होतं, आतले दोन तुकडे कुणी उघडून दाखवलेच नव्हते.

मराठी माणसाला हे पटकन पटेल कारण आपणही शोधून काढतो, आणि एखादा माणूस खोटा निघतो. बाहेर येणं म्हणजे कळणं ही वाट तिन्ही भाषांना सापडलीय.

मग अपचा गठ्ठा, तो आणि आउट हेच सगळ्यात मोठे. ग्रो अप म्हणजे लन लेन, स्टँड अप म्हणजे डुंग लेन, लेन म्हणजे वर. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट अशी की इंग्लिशचा तो छळवादी नियम, की इट आलं तर मध्येच घालायचं, पिक इट अप म्हणायचं, पिक अप इट नाही, तो यांना शिकवावाच लागत नाही. उचल ते म्हणायला हे न्यात नॉ लेन म्हणतात, उचल-ते-वर, अगदी त्याच जागी. शर्ट काढ म्हणजे कोय आव रा, टेक द शर्ट ऑफची तीच चाल. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी जातं म्हणून आपल्याला हा क्रम आयता मिळत नाही, यांना मिळतो. पुस्तकं यावर अर्धा-अर्धा धडा खर्च करतात आणि तो पानभर सराव बघून माणसं उलट घाबरतात.

सगळंच जुळतं असं मात्र अजिबात नाही आणि ते लपवून शिकवू नये. मनाने रचून सांगणे हे इंग्लिशमध्ये मेक अप, यांच्याकडे बिया रा, म्हणजे तिकडे वर आणि इकडे बाहेर. गिव्ह अपमधल्या अपला लेन कुठेच लागत नाही, तिथे साधं तु बॉ. अशा जोड्यांना मी वेगळ्या रंगाची खूण करते आणि गठ्ठ्यातल्या जुळणाऱ्या जोड्या अंगवळणी पडल्यावरच त्या शिकवायला घेते. आणि ऑफचा गठ्ठा सगळ्यात शेवटी. टेक ऑफ विमानाचं वेगळं, कपड्याचं वेगळं, अलार्म गो ऑफ होतो म्हणजे बंद होत नाही तर वाजतो, इथे कुठल्याच भाषेची मदत नाही, वाक्यं ऐकत राहणं हाच उपाय.

लिस्टमधली मोठी उणीव म्हणजे आवाज नाही. मुळात तो शोधनिबंधाचा भाग आहे त्यामुळे अपेक्षाही नाही, पण व्हिएतनामी कानाला याची गरज सगळ्यात जास्त. त्यांच्या भाषेत प्रत्येक अक्षर सुटं, शेवटचा क किंवा त तोंडातच बंद होतो, पुढच्या स्वराला जाऊन चिकटत नाही. इंग्लिश बोलणारा पिक्ड अप एका दमात पिक्टप म्हणतो, आणि यांना त्यात पिकही ऐकू येत नाही आणि अपही नाही. कागदावर शंभर टक्के येणारा माणूस कॉलवर गप्प बसतो तो यामुळे. दुसरं म्हणजे व्हिएतनामी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे वेंट ऑन हे गो ऑनच आहे हे वाचताना कळतं पण ऐकताना नाही. म्हणून पाठांतराची कार्डं (फ्लॅशकार्ड) करताना भूतकाळाचं वाक्य टाकाच टाका, आवाजासकट.

कार्डांसाठी मी अँकी हे फ्लॅशकार्डचं अॅप वापरायला सांगते, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात पण वेब आवृत्तीवर काम भागतं. कार्डाच्या एका बाजूला व्हिएतनामी वाक्य, सुटा अर्थ नाही, अख्खं वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्लिश वाक्य. लिस्टमधली उदाहरणं त्यासाठी जरा कोरडी आहेत, बातम्यांच्या थाटाची, त्यापेक्षा शिकणाऱ्याच्या ऑफिसातल्या मेलमधली वाक्यं घ्यावीत. आणि आकडे अमेरिकन वापराचे आहेत हेही सांगून ठेवा, क्लायंट ऑस्ट्रेलियन किंवा ब्रिटिश असेल तर थोडं इकडेतिकडे होणार.

शाळकरी मुलांसाठी मी ही देणार नाही, व्याख्या त्यांना जड जातात. परीक्षेला आठवडा उरलाय अशांनाही नको. नोकरी करणारे, ग्रामर येणारे पण बोलताना अडणारे, यांच्यासाठी पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो आवाजासाठी.

हनोईकडे कुणी मराठी माणूस शिकवत असेल तर एक लक्षात ठेवा, तिथे रा चा उच्चार झा च्या जवळ जातो, फळ्यावर लिहिलेलं तेच राहतं पण बोलून दाखवताना त्यांच्या पद्धतीने बोला, नाहीतर जोडी जुळतेय हे त्यांच्या कानाला कळायला वेळ लागतो.