करवत काठीच्या नावाखाली १३,९८० रुपयांचा गंडा

१३,९८० रुपये. एवढे माझे गेले. माझ्या शब्दावर विसंबून मावसबहिणीने भरलेले ६,४०० वेगळेच.

मी अनेक वर्षं मला आवडलेल्या गोष्टी लोकांना दाखवते. नागपूरच्या चितार ओळीतलं मूर्तींचं रंगकाम, जुन्या काडेपेट्यांची लेबलं, दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या आणि आपल्या विदर्भाच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या; त्यातलीच एक करवत काठी, करवतीच्या दात्यांसारख्या काठाची. त्यामुळे कुणी म्हणालं, ‘हिला कापडातलं काय कळतं?’ तर मला राग येतो. कळतं म्हणूनच त्या भामट्याने मला गाठलं. माझी करवत काठीवरची पोस्ट वाचून त्याने मेसेज केला, “ताई, आम्ही भंडाऱ्याकडचे विणकर, तुमच्यासारख्या जाणकाराने एक तरी साडी घ्यावी.”

साडीची किंमत १२,८०० ठरली. ६,४०० आगाऊ, उरलेले ६,४०० साडी मागावरून उतरल्यावर. हातमागावर असंच चालतं, त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. मग कुरिअरच्या विम्याचे १,१८० मागितले, ‘परत मिळतील’ म्हणून. तेही दिले.

आता तो क्षण. व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, “दादा, काठाची उलटी बाजू दाखवा.” खऱ्या करवत काठीत काठाचा धोटा (आडवा धागा नेणारं साधन) वेगळा, अंगाचा वेगळा. दोन्हींचे धागे सांध्यावर एकमेकांत अडकतात, त्यातूनच ते करवतीचे दाते उठतात. मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच सफाईदार दिसते. नकलेत मागे धागे लोंबतात, नाहीतर नुसती छपाई असते. तो म्हणाला, “ताई, माग चालू आहे, आत्ता उलटवता येत नाही.” चालू मागावर कापड उलटवता येत नाही हे खरंच आहे! म्हणून मी गप्प बसले. पण शेजारी घडी घालून ठेवलेली तयार साडी मला स्पष्ट दिसत होती. तिची बाजू दाखवायला काय हरकत होती? हा प्रश्न मला फोन ठेवल्यावर सुचला आणि तोवर पैसे गेले होते. सिल्क मार्कच्या, म्हणजे शुद्ध रेशमाची खात्री देणाऱ्या, लेबलचा फोटोही आला होता, नेमका क्रमांक धूसर. लेबल फोटोत बघून समाधान मानू नका, क्रमांक वाचता आलाच पाहिजे.

पार्सल आलं. छापील काठाचं पॉलिस्टर. पदराचा एक धागा जाळला तर वितळून टणक गोळी झाली. कोसा असता तर केस जळाल्यासारखा वास आला असता आणि राख बोटांनी चुरली असती. तोवर त्याने मला ब्लॉक केलं होतं.

खरी चीड पुढची. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेले तर, “म्याडम, साडी मिळाली ना? मग ही फसवणूक कशी? ग्राहक आयोगात जा.” तेव्हा कळलं, हे लोक काहीतरी का पाठवतातच! पार्सल दिलं की पोलीस हात झटकतात. ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही, पण नोटीस कुणाच्या पत्त्यावर धाडायची? पार्सलवरचा पत्ताच खोटा. दुसऱ्या टेबलावरचे साहेब म्हणाले, “आरोपी भंडाऱ्याचा म्हणता, तर तिकडे जा.” गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी नोंदवून घ्यायचा, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मी ते मोबाईलवर उघडून दाखवलं, तर उत्तर आलं, “कायदा आम्हाला शिकवू नका.” बँकेत गेले तर तिथे एकच पालुपद, ‘पिन तुम्हीच टाकलाय.’ टाकला होताच, पण पैसे चोराला जाताहेत हे माहीत असतं तर टाकला असता का? त्याचं खातं गोठवायची विनंती केली, तर मला एका काउंटरवरून दुसऱ्यावर पाठवत राहिले.

तक्रार पहिल्या तासाभरात करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या. ‘परत मिळणारी’ कुठलीही रक्कम भरू नका. काठाची उलटी बाजू दाखवत नाही त्याला एक रुपया देऊ नका, माग चालू असो नाहीतर बंद. आणि माझ्यासारखं कुणी एखाद्या विक्रेत्याचं कौतुक केलं, तर माल हातात आलाय का हे आधी विचारा. मावसबहिणीने विचारलं नाही, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता.

तेच फोटो आता दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसताहेत, शेजारी घडी घातलेल्या त्या साडीसकट. मी रोज रिपोर्ट करते आहे, तुम्हीही करा.