मिग-२१ मळवायचं: तैलरंगाने की ॲक्रिलिकने?

१:७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतकं, मिग-२१ या लढाऊ विमानाचं मॉडेल जेमतेम वीस सेंटिमीटरचं. मळवायचं म्हणजे ते वापरलेलं, धुळकट दिसेल असं रंगवायचं. पॅनलच्या म्हणजे पत्र्याच्या जोडांच्या रेघांत वॉश, म्हणजे पातळ केलेला काळसर रंग, उतरला, की खेळणं वाटणारी ती वस्तू एकदम विमान दिसायला लागते.

माझं मत तैलरंगाला. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात थोडा काळा, व्हाइट स्पिरिट या थिनरमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ. ब्रशचं टोक रेघेला टेकवायचं, रंग आपसूक धावतो. अर्ध्या तासाने कापसाचा बोळा नाकाकडून शेपटीकडे, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने फिरवायचा. चुकलं तर दुसऱ्या दिवशीही बहुतेक पुसता येतं. खाली ॲक्रिलिक ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत वार्निशचा, थर मात्र हवाच. मॉडेल एनॅमल रंगाने रंगवलेलं असेल आणि त्यावर थेट लावाल तर स्पिरिट खालचा रंगही उचलेल. आणि वास! नौपाड्यातल्या आमच्या वन-रूम-किचनमधून आईने मला डबीसकट गॅलरीत हाकललं होतं.

ॲक्रिलिक पाण्यात कालवतात, वास जवळपास नाही, ब्रश नळाखाली धुतला की झालं. पण तो पटकन वाळतो आणि डागाची कड तशीच उमटून राहते. भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातला तर जरा नीट पसरतो. चाकांवरच्या धुळीला तो उत्तम, पोटाखालच्या तेलाच्या ओघळांना नाही.

नाशिकजवळ ओझरला एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बांधलेली मिगही सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाली. म्हणून आता फोटो समोर ठेवूनच मळवा. नॉझलभोवती, म्हणजे शेपटीकडच्या इंजिनाच्या तोंडाभोवती, गडद, पंखांवर हलकं. मी पहिल्या मॉडेलला सगळीकडे सारखंच फासलं होतं; ते गॅरेजमधून आल्यासारखं दिसतं.